पंचफुलाबाई आणि गोवर्धनजींचे उघडे डोळे

हे लिहिणाऱ्याची आणि पंचफुलाबाईंची ओळख अमरावतीस, राजापेठेतल्या प्रौढांच्या वर्गात झाली. वर्ग दिवेलागणीला एका शाळेच्या पडवीत भरत असे. हे लिहिणारा तेव्हा पन्नाशी ओलांडलेला होता, पंचफुलाबाई चाळिशीच्या होत्या, आणि दोघांच्या पाट्या शेजारी शेजारी असत. गुरुजींनी एके दिवशी सांगितले, की आपल्या ओळखीच्या एखाद्या माणसाविषयी लिहून आणा. तेव्हा शेजारच्याच पाटीकडे पाहून लिहिण्याचा प्रयत्न झाला होता. परंतु अक्षर मोठे, पाटी लहान आणि हकिकत लांब, त्यामुळे ते लेखन अर्धेच राहिले. ते आता पूर्ण करीत आहोत. पुढील सर्व गोष्टी पंचफुलाबाईंनी स्वतः सांगितलेल्या आहेत.

पंचफुलाबाई शहरातल्या एका नेत्र-रुग्णालयात आया होत्या. त्यांचे यजमान जानराव हे कापसाच्या जिनात कामाला असत. छप्पन साली दोघांनी नागपुरास जाऊन दीक्षा घेतली होती, आणि तेव्हापासून सकाळी चूल पेटविण्याआधी पंचशील म्हणावयाचे असा पंचफुलाबाईंचा नेम होता. रुग्णालयात जमीन पुसणे, रोग्यांना धरून नेणे, पट्ट्या उकळणे ही त्यांची नेमलेली कामे. ज्या कामासाठी त्यांच्याविषयी लिहावयाचे, ते मात्र त्यांना कोणी नेमून दिलेले नव्हते. ते काम अकोल्याच्या आशाबाईंमुळे त्यांच्याकडे आले.

नेत्रदान हा शब्द त्या काळी आमच्या वऱ्हाडात नवा होता. मेलेल्या माणसाचा डोळा काढून त्याचे बुबुळ जित्या माणसाला लावता येते, ही गोष्ट लोक ऐकत आणि मान हलवून आपल्या कामाला लागत. आशाबाईंचा तरणा मुलगा सहदेव त्याच रुग्णालयात वारला. तेव्हा तेथल्या एका माणसाने त्यांची समजूत घालताना सांगितले, "डोळ्यावरचा नुसता पापुद्रा काढायचा असतो, डोळा जागच्या जागी राहतो." आईने होकार दिला. घरी प्रेताला अंघोळ घालताना तिचा हात पापणीवरून फिरला, आणि पापणी आत गेली.

मुलाचे दिवस उरकल्यावर आशाबाई अकोल्याहून आल्या आणि रुग्णालयाच्या पायरीवर बसल्या. त्यांनी शिवी दिली नाही की गळा काढला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्या एकच गोष्ट विचारीत होत्या, "मले काहून नाही सांगतलं?" मोठी माणसे बाजूच्या दाराने जाऊ लागली. पंचफुलाबाई मात्र हातातले फडके टाकून त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. पुष्कळ वेळाने आशाबाई म्हणाल्या, "मी देल्ले असते वो बाई. मी नाही म्हटलं नसतं. पन मले खरं सांगा लागत होतं."

त्या दिवसानंतर डॉक्टर डोळे घेण्यासाठी ज्या घरी जात, तेथे पंचफुलाबाई बरोबर जाऊ लागल्या. रुग्णालयाचे डॉक्टर खुशालराव यांनीच तसे ठरविले. घरी गेल्यावर त्या कोणाला 'द्या' म्हणत नसत. त्या पहिल्याने एवढेच विचारीत, "तोंड पाहाले कोन यायचं राहिलं?"

आता गोवर्धनजींची हकिकत.

गोवर्धनजी जातीने माळी. अमरावतीच्या वेशीबाहेर विहिरीवर त्यांचा शेवंतीचा आणि झेंडूचा मळा होता. मोतीबिंदू काढण्यासाठी ते रुग्णालयात राहिले, तेव्हा शेजारच्या खाटेवर डोळ्यांत फूल पडलेला एक विणकर होता. बुबुळ पांढरे झालेले, समोरचा हातही दिसत नसे. गोवर्धनजी त्याची थट्टा करीत, "जन्मभर फुलं इकली बुवा, पन तुयं हे फूल कोनी फुकट बी नेत नाही!" आणि दोघेही खदखदून हसत. स्वतःची पट्टी सुटली आणि लख्ख दिसू लागले, त्या दिवशी मात्र ते हसले नाहीत. त्यांनी पंचफुलाबाईंना हाक मारली.

"बाई, माहे हे डोये मेल्यावर त्या गड्याले लावता येतात काय?"

"त्यालेच लागतीन असं नाही बुवा. कोनाले तरी लागतीन."

"मंग लिहून घ्या. अन् मी गेलो का तू ये. डॉक्टर एकटा नको. आमच्या घरच्या बाया डॉक्टरले पाहूनच बिथरतीन."

पंचफुलाबाईंनी शब्द दिला. गोवर्धनजींनी बायको सत्यवती आणि मुलगा केशवराव यांच्या देखत कागदावर अंगठा उठविला. मुलगी मैना अकोल्याकडे, बार्शीटाकळीस दिलेली होती. तिला आणि गोवर्धनजींच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे पार्बताबाईंना, सवडीने सांगू असे म्हणून ती गोष्ट राहून गेली.

त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, पौष महिन्यात, गोवर्धनजी आजारी पडले. दुखणे विकोपाला गेले तेव्हाच मैनेला तार केली होती. ती पहाटेच्या मोटारीने निघाली असावी. आणि इकडे झुंजूमुंजू होताना गोवर्धनजींनी प्राण सोडला. केशवरावांनी सायकलवरून रुग्णालयात निरोप धाडला. खुशालराव डॉक्टर आपली पेटी आणि बर्फाचा थर्मास घेऊन टांग्यात बसले. पंचफुलाबाई त्यांच्यासमोर बसल्या. टांगा मळ्याशी पोहोचेपर्यंत उन्हे वर आली होती.

ओसरीत प्रेत ठेवलेले होते. सभोवती बायका बसल्या होत्या आणि उशाशी पार्बताबाई होत्या. अंगणातूनही एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. गोवर्धनजींचे डोळे अर्धे उघडे होते.

केशवराव खाली मान घालून डॉक्टरांपाशी आले. "डॉक्टरसाहेब, आत्या ऐकून नाही राहिली. बाबांचा जीव मैनेत अडकला म्हणते. मैना येऊन आपल्या हातानं डोये मिटवत नाही, तोवर कोनी हात लावाचा नाही."

आमच्याकडे ही समजूत पूर्वापार आहे. मरणाऱ्याचे डोळे उघडे राहिले, तर तो कोणाची तरी वाट पाहत गेला असे समजतात. ज्याची वाट पाहिली त्यानेच येऊन तळव्याने पापण्या मिटवाव्या, दुसऱ्याने मिटविल्यास मेलेल्याला गती मिळत नाही असे म्हणतात.

डॉक्टर पंचफुलाबाईंना हळूच म्हणाले, "मिटलेले डोळे टिकतात. थंडीचे दिवस आहेत, तेवढी सवड आहे. पण असे उघडे राहिले तर कोरडे पडतील. बुबुळ धुरकटले म्हणजे संपले."

पंचफुलाबाई ओसरीच्या पायरीपर्यंत गेल्या. पार्बताबाईंनी त्यांना नखशिखांत न्याहाळले.

"कोन वो तू?"

"दवाखान्यातली पंचफुला."

"कोन्या घरची?"

"जिनातल्या जानरावच्या घरची. फ्रेजरपुऱ्यात राहतो आमी."

"म्हंजे नव्या धर्माची."

"हो. नव्या धर्माची."

"मंग वरते नको येऊ. अन् थ्या डॉक्टरलेबी सांग, जित्तेपनी औषधाची गोयी द्याले कोनी मळ्यात आलं नाही, अन् मुडदा पडला तं पेटी घेऊन दाराशी!"

बायकांमध्ये कुजबुज झाली. डॉक्टरांचा चेहरा उतरला. पंचफुलाबाई पायरीच्या खाली, जमिनीवरच बसल्या. राग आला नाही असे त्या कधी म्हणाल्या नाहीत. परंतु गोवर्धनजींना दिलेला शब्द त्या घराच्या आत होता आणि आपण पायरीच्या बाहेर, ही गोष्ट त्यांना अधिक टोचत होती. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"तोंड पाहाले कोन यायचं राहिलं?"

"मैना," सत्यवती म्हणाली.

"मंग तिले येऊ द्या. तिच्या आंधी काही होनार नाही." डॉक्टरांनी चमकून पाहिले, परंतु पंचफुलाबाईंनी तिकडे मान वळविली नाही. "फक्त एक आयका, माय. डोये मिटू नका, हात नका लावू. पन उघडे डोये वाळतात. डॉक्टरजवळ उकळून थंड केलेलं पानी हाये. कापसाचा बोळा भिजवून वरतून थेंब थेंब सोडा. मी नाही, तुमीच सोडा."

"कायच्यासाठी?"

"बुवांनी सांगतलेलं काम होऊ द्याचं का नाही, हे तुमी मैना आल्यावर ठरवा. नाही म्हटलं तं आमी उठून चाललो जाऊ. पन आताच वाळून गेले, तं मंग ठरवाले काही राहनारच नाही."

सत्यवतीने बाटली घेतली आणि नवऱ्याच्या उशाशी बसली.

"हात लावू नोको म्हटलं ना तुले!" पार्बताबाई ओरडल्या.

"हात कोठी लावून राहिली मी?" सत्यवती म्हणाली. "पानी सोडून राहिली."

पार्बताबाईंनी पदर तोंडाशी धरला आणि थेंब पडताना त्या एकटक पाहत राहिल्या.

मग सुरू झाले ते वाट पाहणे. केशवराव सायकलवर मोटारस्टँडला गेले आणि एकटेच परत आले. अकोल्याची एक मोटार येऊन गेली होती, तिच्यात मैना नव्हती. ते पुन्हा गेले. ऊन अंगणातून ओसरीकडे सरकू लागले, तेव्हा पंचफुलाबाईंनी सांगून उन्हाच्या बाजूने ओसरीला जाड चादर बांधून घेतली. शेजारचे बुधाजी दोनदा येऊन विचारून गेले, "तिरडी बांधाले घेऊ काय?" आणि दोन्ही वेळा पार्बताबाईंनी मानेनेच नको म्हटले. खुशालराव डॉक्टर आंब्याखाली येरझाऱ्या घालीत होते. मध्येच ते थर्मासचे झाकण उघडून बर्फ पाहत, मध्येच ओसरीपर्यंत येऊन लांबूनच डोळ्यांकडे पाहत. एकदा ते पंचफुलाबाईंपाशी थांबले.

"उजव्याच्या कडेला धूर येतो आहे असे वाटते. तुम्ही त्यांना सांगून पाहा ना. तुमचे ऐकतील."

"सांगू काय, डॉक्टरसाहेब? पोरीच्या आंधी घेतले, तं जन्मभर थे पोरगी हेच म्हनन, का माह्या बापाले माही वाट पाहू नाही देल्ली."

"आणि गोवर्धनजींना दिलेला शब्द?"

तो शब्द पंचफुलाबाईंच्या छातीवर जात्याच्या पाळूसारखा बसलेला होता. उजव्या डोळ्यावर धूर येत होता, मोटारीचा पत्ता नव्हता. आणि आपण एक गोष्ट जपताना दुसरी हातची घालवीत आहोत की काय, हा विचार त्यांच्या मनातून जाईना. सत्यवती तेवढी न थांबता पाणी सोडीत होती.

अखेर बांधाच्या पलीकडून आक्रोश ऐकू आला. मैना धावत आली. तिच्या पायांत वहाण नव्हती, केस मोकळे झाले होते. वाटेत मोटार बंद पडली होती, हे तिच्यामागून येणारे केशवराव सांगत होते, पण ते कोणी ऐकत नव्हते. ती बापाच्या छातीवर पडली. बायकांनी तिला रडू दिले. मग पार्बताबाई तिचे मनगट धरून म्हणाल्या, "मिटव माय. तुह्यासाठीच थांबला तो."

मैनेने तळवा बापाच्या कपाळापासून खाली ओढला. पापण्या मिटल्या. सर्वांनी हुश्श केले. मैनेने हात उचलला.

पापण्या हळूहळू पुन्हा वर आल्या.

मैनेने पुन्हा तळवा फिरविला, या वेळी दाबून धरला, आणि उचलला. पापण्या पुन्हा तशाच उघडल्या.

"गोवर्धना," पार्बताबाई वाकून म्हणाल्या, "पोरगी आली ना रे! आता कोनाची वाट पाहून राहिला?"

बायका भेदरून एकमेकींकडे पाहू लागल्या. यायचे कोणी राहिले होते काय? मुलगा होता, बायको होती, बहीण होती, मुलगी आली होती. तेवढ्यात अंगणातून बुधाजी म्हणाले, "मी सांगू? डॉक्टरची. त्यानं डोये द्याचा शब्द देल्ला हाये. डॉक्टर सकाळपासून आंब्याखाली उभा, अन् तुमी त्याले आत येऊ नाही देऊन राहिले. त्याचीच वाट पाहून राहिला बुढा!"

ती गोष्ट वाळल्या गवतात ठिणगी पडावी तशी ओसरीभर पसरली. खरेच की. डॉक्टरचीच. कोणी हात जोडले. पार्बताबाईंनी डॉक्टरांकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात आता विरोध उरला नव्हता. डॉक्टरांनी पेटी उचलली. आता कोणी काही न बोलणे एवढेच पुरे होते.

परंतु मैना उठून पायरीपाशी आली. तिला यातले काहीच ठाऊक नव्हते. ती पंचफुलाबाईंना म्हणाली, "तुमी दवाखान्यातल्या ना? हे खरं हाये काय? बाबा डॉक्टरची वाट पाहून राहिले?"

पंचफुलाबाई सांगत, की त्या क्षणी सारे त्यांच्याच एका शब्दावर येऊन ठेपले. 'हो' म्हटले की शब्द पाळला जात होता. डॉक्टर मानेने 'हो म्हणा' असे खुणावीत होते. घरच्यांनी आपणहून धरलेली समजूत. त्यात आपले काय जाते? आणि त्याच वेळी त्यांना रुग्णालयाची पायरी दिसली, पायरीवरच्या आशाबाई दिसल्या. सकाळी म्हटलेल्या पंचशीलातले चौथे, खोटे न बोलण्याचे शीलही, त्या म्हणत, कानापाशी येऊन उभे राहिले होते.

"नाही माय," त्या म्हणाल्या. "थे खरं नाही. मेल्यावर आंग आखडते, अन् पयले पापन्या आखडतात. म्हनून मिटून राहत नाहीत. ते आता कोनाचीच वाट पाहून नाही राहिले. तुही बी नाही, डॉक्टरची बी नाही."

डॉक्टरांनी पेटी खाली ठेवली. बुधाजी पुटपुटले, "घ्या! होऊन राहिलं होतं काम."

पार्बताबाई ओसरीच्या कडेला आल्या. "काहून वो? हो म्हटलं असतं तं तुयं काम होत होतं. खोटं काहून नाही बोलली?"

"एका मायले असंच खोटं सांगून लेकाचे डोये नेले होते, आत्याबाई. थे माय अजून इचारते, काहून नाही सांगतलं म्हनून. मले पुन्हा तसं ऐकाचं नाही." मग त्या मैनेकडे वळल्या. "बुवांनी जित्तेपनी जे सांगतलं, तेवढंच खरं हाये. माहे डोये कोनाले तरी लावा म्हने. तुह्या मायच्या अन् भावाच्या समोर सांगतलं."

"काय काय काढतात?"

"डोया. पूर्न डोया. दोन्ही."

कोणाच्या तरी तोंडून "अगं माय" असे निघाले.

"मंग तोंड कसं दिसन?"

"आत कापूस ठेवून पापन्या मिटवतात. झोपल्यासारखं दिसते. हात फिरवला तं खाली मऊ लागन, हे आंधीच सांगून ठेवते. थोडंसं रगत येऊ शकते, थे आमी पुसून घेऊ. जाळाच्या आंधी तुले पुन्हा तोंड पाहाले भेटन."

मैनेने आईकडे पाहिले. "माय, तू सांग."

सत्यवतीच्या हातातला बोळा अजून ओला होता. "मी सकाळपासून पानी सोडून राहिली," ती म्हणाली, "थे काय उगाच?"

मैनेने डोळे पुसले आणि डॉक्टरांना 'या' म्हणाली.

बाकीच्या बायका अंगणात गेल्या. पार्बताबाई हलल्या नाहीत. "मी भावाच्या पायापाशी बसीन. तुमाले जे कराचं थे करा." डॉक्टर काही सांगू लागले, त्यांना पंचफुलाबाईंनी थांबविले. "बसू द्या. आत्याबाई, तुमी पाय धरा, अन् पायाकडंच पाहा."

पार्बताबाईंनी भावाचे पाय धरले. मग मान न वळविता त्या म्हणाल्या, "तू काहून बाहेर उभी? वरते ये. एकटीनं नाही होत माह्याच्यानं."

पंचफुलाबाई पायरी चढून गेल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या. पंचफुलाबाईंनी पार्बताबाईंच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात त्यांनी झटकला नाही.

उजवा डोळा कडेने धुरकटला होता. डॉक्टरांना त्याची खात्री वाटेना. डावा मात्र लख्ख होता. ते डोळे कोणाला लावले हे घरच्यांना सांगण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे त्या विणकराला तो लाभला की नाही, हे पंचफुलाबाईंनी कधी विचारलेही नाही. चादर सोडली, उजेड आत आला, आणि मैना बापाजवळ आली. तिने सांगितल्याप्रमाणे हळू हात फिरविला. खाली मऊ लागले. ती दचकली नाही.

"आता मिटले," ती एवढेच म्हणाली.

पंचफुलाबाई त्या घरी तिसऱ्या दिवशी गेल्या, तेराव्यालाही गेल्या. त्या दोन्ही वेळी त्यांनी डोळ्यांचा विषय काढला नाही; मैनाच बोलली, आणि त्यांनी ऐकून घेतले. पुढे त्या अकोल्याच्या बाजूला आणि अचलपुरापर्यंतही अशाच कामासाठी जात राहिल्या. काही घरांनी त्यांना हाकलून दिले. अशा दिवशी वर्गात त्यांचे अक्षर वाकडे येत असे, आणि गुरुजींनी विचारले तर "हात थकला" म्हणत.

वर्गाच्या शेवटच्या वर्षी पाटी पुसता पुसता त्यांनी हे लिहिणाऱ्याला एक गोष्ट सांगून ठेवली. ती त्यांच्याच शब्दांत देतो.

"भाऊ, मी गेली का माह्या घरी बी दवाखान्यातून कोनाले तरी पाठवजा. त्याले म्हनजा, पयले इचार, तोंड पाहाले कोन यायचं राहिलं. अन् माह्या पोरीनं काही इचारलं, तं तिले खरं सांगजा."